स्तंभालेख की आयतालेख?

स्तंभालेख (बार चार्ट) आणि आयतालेख (हिस्टोग्राम) दिसायला सारखेच, म्हणून कुठे कोणता वापरायचा याचा घोळ होतो. रक्तगट, वाहनाचा प्रकार अशी गुणात्मक माहिती असेल तर स्तंभालेख. स्तंभांमध्ये फट ठेवायची, क्रम हवा तसा लावायचा. मी तर उतरत्या उंचीनेच लावतो. १७८६ मध्ये स्कॉटिश अभियंता विल्यम प्लेफेअरने स्तंभालेख छापला होता.

आयतालेखाचं प्रकरण जरा नाजूक. माहिती सलग संख्यांची, म्हणून आयत एकमेकांना चिकटलेले आणि क्रम ठरलेला. खरी मेख वर्गांतरात, म्हणजे एकेक वर्ग (संख्यांचा टप्पा) किती रुंद घ्यायचा यात आहे. ४१, ४३, ४४, ४६, ५८, ५९, ६१, ६२ किलो ही आठ वजनं घ्या. ४०-६०, ६०-८० असे वर्ग केले तर ६ आणि २, बस्स. पाच-पाचचे करा, ५०-५५ रिकामा निघतो आणि दोन वेगळे गट लगेच दिसतात. वर्ग असमान असतील तर मात्र उंची नव्हे, क्षेत्रफळ वाचायचं.