सीडीआर, टॉवर डंप का मोबाईलचा डेटा? कोर्टात आधी काय मागायचं

महिन्यातून एखादी तरी फॅमिली येतेच, पोराला उचललं, पोरगा म्हणते मी तिथं नव्हतोच, मग भाऊ त्याचं लोकेशन काढा ना. लोकेशन काढा म्हणजे नेमकं काय मागायचं हे ठरवताना वकिलासोबत बसायच्या आधी एवढं पाहून ठेवा.

माझं मत विचाराल तर आधी सीडीआर, म्हणजे मोबाईल कंपनीकडचं कॉलचं रेकॉर्ड. यात बोलणं नसतंच, कोणाला फोन, किती वाजता, किती सेकंद, हँडसेटचा 15 आकडी आयएमईआय, आणि कॉल सुरू झाला तेव्हाचा अन् संपला तेव्हाचा सेल आयडी, म्हणजे फोन टॉवरच्या कोणत्या अँटेनावर होता तो नंबर. लोक टॉवरचं नाव पाहून खूश होतात नाही तर घाबरतात, पण एका टॉवरवर बहुतेक तीन तोंडं असतात, तिन्ही वेगळ्या दिशेला. आमच्याकडे एक केस होती, घर मानेवाड्याला आणि घटना रिंग रोडच्या पलीकडे, टॉवर एकच, म्हणून पोरगा तिथंच होता असं धरलं. कंपनीकडून सेल आयडीची यादी मागवली, त्यात अझिमुथचा कॉलम असते, अँटेना किती डिग्रीला तोंड करून आहे तो, अन् ते तोंड निघालं घराकडं! सीडीआर मागताना ही यादी मागायला बरेच जण विसरतात. अर्थात फोन घरी होता म्हणजे पोरगा घरी होता असं नाही, समोरचा वकील हे बोलणारच.

व्हॉट्सअ‍ॅप कॉल सीडीआरमध्ये येत नाही, त्यासाठी आयपीडीआर, म्हणजे इंटरनेट वापराचं रेकॉर्ड. कुठल्या आयपीशी केव्हा डेटा गेला एवढं दिसते, त्यातही सेल आयडी असते, पण हजारो ओळी, वाचता वाचता डोळे जातात.

टॉवर डंप म्हणजे त्या वेळेत त्या टॉवरवरचे सगळेच नंबर. आरोपी माहीत नसला की पोलिसांच्या कामाचा, तुमच्या नाही. सीताबर्डीचा संध्याकाळचा डंप काढला तर अर्धं नागपूर निघन त्यात.

जप्त मोबाईलची कॉपी मात्र खरा माल, चॅट, फोटो, गुगलची टाइमलाइन चालू असेल तर तीही. पण दुधारी आहे बापा, पोराला नीट विचारा आत काय काय आहे, नाही तर आपणच खड्डा खणायचो. हॅश व्हॅल्यू (कॉपीत फेरफार झाला का हे ओळखायचा कोड) आणि इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठीचं भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम 63 चं सर्टिफिकेट आहे का तेवढं पाहा, आधी यालाच 65बी म्हणायचे, सुप्रीम कोर्टाच्या 2020 च्या खोतकर-गोरंट्याल निकालाने ते लागतेच असं ठरलं.

फोन टॅपिंग तर आपल्याला मागताच येत नाही. ते लावलेलं असेल तर गृहसचिवांची ऑर्डर मागा, ती 60 दिवस चालते, वाढवून जास्तीत जास्त 180. 2019 मध्ये मुंबई हायकोर्टाने विनीत कुमार केसमध्ये अशा ऑर्डरच रद्द करून रेकॉर्डिंग नष्ट करायला लावलं होतं.

आणि कोणी म्हणालं ना पंचवीस हजारात सीडीआर आणून देतो, तर हात जोडा. 2018 साली ठाण्यात असले सीडीआर विकणारे डिटेक्टिव्ह आत गेलेत. रस्ता एकच, बीएनएसएस, म्हणजे सीआरपीसीच्या जागी आलेला कायदा, त्याच्या कलम 94 खाली कोर्टात अर्ज. कंपनीवर रेकॉर्ड 2 वर्षंच ठेवायचं बंधन आहे, तुमच्या केसला दीड वर्ष होऊन गेलं असेल तर पहिले फक्त जपून ठेवायचा अर्ज टाका, कॉपीचं मग पाहू.