उशिरा आला, पण पुरा आला

'द क्युअर' या इंग्लिश बँडचा 'साँग्ज ऑफ अ लॉस्ट वर्ल्ड' हा चौदावा स्टुडिओ अल्बम १ नोव्हेंबर २०२४ रोजी प्रसिद्ध झाला. आपल्याकडे तो नेमका लक्ष्मीपूजनाचा दिवस होता. दारात पणत्या, गल्लीत लवंगी माळांचा कडकडाट आणि कानात मरणावाचून दुसऱ्या कशाबद्दल फारसे न बोलणारी आठ गाणी, अशा विचित्र मेळात मी तो पहिल्यांदा ऐकला. सणासुदीला घरात असले काही लावू नये, असे मानणारी वडीलधारी मंडळी शेजारच्या खोलीत असल्यामुळे अर्थातच हेडफोन लावून. त्यानंतर तो वीस-पंचवीस वेळा तरी ऐकून झाला आहे. १९८९च्या 'डिसइंटिग्रेशन'नंतर या बँडच्या हातून इतके एकसंध काम झालेले नाही, असे माझे मत आता पक्के झाले आहे.

हे मत धाडसाचे का वाटावे, हे कळण्यासाठी थोडे मागे जावे लागेल. लंडनच्या दक्षिणेला असलेल्या क्रॉली या गावातल्या शाळकरी मुलांचा हा बँड. त्यांचा पहिला अल्बम १९७९चा, आणि त्यानंतरच्या तीन वर्षांत आलेल्या 'सेव्हन्टीन सेकंड्स', 'फेथ' आणि 'पोर्नोग्राफी' या तीन अल्बमांनी 'उदासीचे सम्राट' अशी त्यांची ख्याती कायमची करून टाकली. पुढे गायक आणि गीतकार रॉबर्ट स्मिथ याने ती ख्याती स्वतःच मोडून काढली आणि विस्कटलेले केस व फासटलेली लिपस्टिक तशीच ठेवून एकामागून एक खट्याळ, नाचरी गाणी दिली. आमच्या पिढीला हा बँड भेटला तो या दुसऱ्या रूपात. स्टार टीव्हीबरोबर घराघरांत शिरलेल्या एमटीव्हीवर १९९२ साली 'फ्रायडे आय एम इन लव्ह' लागायचे. ते ऐकून मुंबईतल्या काळा घोड्याच्या 'रिदम हाउस' या दुकानातून 'विश' या अल्बमची कॅसेट आणली, तेव्हा त्या आनंदी गाण्याच्या आजूबाजूला एवढा काळोख भरलेला असेल, याची मला कल्पना नव्हती.

'विश'नंतर मात्र उतार लागला. २०००च्या 'ब्लडफ्लॉवर्स'चा अपवाद केला, तर पुढच्या प्रत्येक अल्बममध्ये एकच दोष दिसतो. या बँडला दोन स्वभाव आहेत, आणि दोन्ही एकाच ताटात वाढण्याचा अट्टाहास स्मिथ करत राहिला. एक गाणे स्मशानात, दुसरे जत्रेत, तिसरे कुठेच नाही. २००८च्या '४:१३ ड्रीम'मध्ये तेरा गाणी होती आणि त्यांतली चार-पाच चांगलीही होती, पण ती एकमेकांना ओळखत नव्हती. त्यानंतर सोळा वर्षे एकही नवा अल्बम नाही. मैफिली चालू होत्या, आणि त्याही अडीच-तीन तासांच्या. नवीन ध्वनिमुद्रणाचे मात्र नुसते वायदे. वेल्समधल्या रॉकफील्ड स्टुडिओत २०१९ साली काम झाल्याचे स्मिथने स्वतः सांगितले होते. मग अल्बम येणार, लवकरच येणार, यंदा नक्की येणार, असे करता करता चाहत्यांनी त्याची थट्टा करणेही सोडून दिले. साठी उलटलेल्या संगीतकारांच्या अशा बहुप्रतीक्षित पुनरागमनाचा माझा अनुभव फारसा बरा नाही. बहुतेक वेळा आपण जुन्या प्रेमापोटी दोन-तीन गाण्यांचे कौतुक करतो आणि मग मुकाट्याने जुनी रेकॉर्ड लावतो.

इथे तसे घडत नाही, आणि त्याचे पहिले कारण म्हणजे स्मिथने या वेळी दोन स्वभावांपैकी एक निवडला. आठही गाणी एकाच कुळातली आहेत. एकही खट्याळ गाणे नाही, रेडिओसाठी केलेला गोड तुकडा नाही. जवळजवळ ५० मिनिटांचा हा एकच दीर्घ प्रवास आहे आणि त्याची सर्व गाणी एकट्या स्मिथच्या नावावर आहेत. निर्मितीत त्याच्या जोडीला पॉल कॉर्केट आहे, जो 'ब्लडफ्लॉवर्स'च्या वेळीही होता, हा मला योगायोग वाटत नाही. दुसरे कारण अधिक व्यावहारिक आहे. यातली पाच गाणी बँडने ऑक्टोबर २०२२मध्ये रीगा शहरात सुरू झालेल्या दौऱ्यात श्रोत्यांसमोर वाजवून घेतली होती. स्टुडिओत अडकून पडलेली गाणी रस्त्यावर फिरून आली, त्यांच्यातली अनावश्यक चरबी झडली, आणि कुठे थांबायचे हे त्यांना कळले.

थांबण्याचा मुद्दा महत्त्वाचा आहे. पहिले गाणे 'अलोन' सुमारे पावणेसात मिनिटांचे आहे आणि त्यात स्मिथचा आवाज ऐकू येतो तो जवळजवळ निम्मे गाणे सरल्यावर. तोपर्यंत सायमन गॅलपची जाड, खरबरीत बास गिटार, जेसन कूपरचे संथ, घणाघाती ड्रम आणि रॉजर ओ'डॉनलच्या कीबोर्डचे थर एकाच स्वरक्रमाभोवती फिरत राहतात. ख्यालाची सवय असलेल्या कानाला हे ताटकळणे परके वाटणार नाही, पण आलापाशी तुलना करण्याचा मोह टाळलेला बरा. आलापात राग हळूहळू उलगडतो. इथे उलगडण्यासारखे काही शिल्लकच ठेवलेले नाही. पहिल्या ठोक्यालाच सगळी वाद्ये पुऱ्या भरात असतात आणि पुनरावृत्तीनेच आपल्याला हळूहळू खाली दाबत नेतात. मग स्मिथ गाऊ लागतो, आणि आपण गातो त्या प्रत्येक गाण्याचा हा शेवट आहे, असे पहिल्याच ओळीत सांगून टाकतो. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरचा इंग्लिश कवी अर्नेस्ट डाउसन याच्या 'ड्रेग्ज' या कवितेतून ही ओळ सुचल्याचे त्याने म्हटले आहे. अल्बमची सुरुवात शेवटाच्या घोषणेने करणे ही तशी जुनी युक्ती, परंतु पासष्टीच्या माणसाने ती वापरली की तिच्यातले नाटक निघून जाते.

मला या अल्बमविषयी खरे सांगायचे आहे ते हेच. 'पोर्नोग्राफी' आले तेव्हा स्मिथ २३ वर्षांचा होता, आणि त्या वयातले मरण हे बहुतांशी कल्पनेतले असते. तिशीच्या उंबरठ्यावर त्याने 'डिसइंटिग्रेशन' केले ते वय सरण्याच्या भीतीने. आज त्या गाण्यांची भव्यता मान्य करूनही, ती एका सुखरूप तरुणाने गायिलेली आहेत हे जाणवते. नव्या अल्बममध्ये भीती फारशी नाही. हिशेब आहे. आईवडील गेले, थोरला भाऊ रिचर्ड गेला, आणि ज्यांच्याशी बोलायचे राहून गेले त्यांची यादी लांबत गेली. शब्द तेच जुने, म्हणजे रात्र, पाऊस, चंद्र, एकटेपण. पण आता त्या शब्दांच्या मागे माणसे उभी आहेत. सूर गवसणे म्हणजे जुना आवाज पुन्हा काढता येणे असे आपण सहसा धरून चालतो. इथे उलटे झाले आहे: आवाज तोच होता, त्याला शोभेल असे वय आता आले.

हे सर्वांत स्पष्ट दिसते ते भावावरच्या 'आय कॅन नेव्हर से गुडबाय'मध्ये. सुरुवातीला मेघगर्जना ऐकू येते, मग पियानोवर एखाद्या नवशिक्यालाही वाजवता येईल अशी काही स्वरांची साधी ओळ, आणि तीच ओळ शेवटपर्यंत फिरत राहते. 'मॅकबेथ'मधल्या चेटकिणीचे दुष्टाच्या येण्याविषयीचे शब्द घेऊन स्मिथ सांगतो, की ते जे आले ते माझ्या भावाला चोरून न्यायला आले. एवढे एक उसने वाक्य सोडले, तर गाण्यात अलंकार असा नाहीच. नोव्हेंबरची रात्र, झोप, जाग, आणि निरोप घेता न येणे. मी हे गाणे सलग दोनदा ऐकू शकत नाही, आणि ही तक्रार नव्हे.

'अँड नथिंग इज फॉरएव्हर' त्याहून गोड आहे, किंबहुना थोडे जास्तच. शेवटच्या घटकेला तू जवळ असशील असे वचन दे, एवढीच त्याची मागणी, आणि तिच्याभोवती तंतुवाद्यांच्या नादाचे कीबोर्ड असे काही उचंबळून येतात की दुसऱ्या एखाद्या बँडने केले असते तर मी नाक मुरडले असते. स्मिथच्या आवाजामुळे ते निभावते. पासष्टाव्या वर्षीही हा आवाज इतका शाबूत कसा, याचे मला आश्चर्य वाटते. वरच्या पट्टीतला तोच किंचित रडवेला कंप, शब्दाच्या शेवटी तीच हेलकावणी. अनेक समकालीन गायक आता स्वर दोन पायऱ्या खाली उतरवून गातात, तशी तडजोड इथे जाणवत नाही. 'अ फ्रॅजाइल थिंग' हे त्यातल्या त्यात जुन्या वळणाचे, पुढे सरकणारे गाणे. नव्या श्रोत्याने सुरुवात इथून करावी. त्यात गॅलपची बास हीच मुख्य चाल आहे. १९७९पासून, मधली थोडी वर्षे वगळता, हा माणूस स्मिथच्या शेजारी उभा आहे, आणि 'द क्युअर'चा आवाज म्हणून आपण जे ओळखतो त्यातला निम्मा वाटा त्याचा आहे, हे एवढ्या एका गाण्यावरून सिद्ध करता येईल.

अल्बमचा मधला भाग मात्र कच्चा आहे. 'वॉरसाँग' आणि 'ड्रोन:नोड्रोन' ही लागोपाठची दोन गाणी आवाज मोठा करून तीव्रता आणू पाहतात. पहिल्यात निदान कडवटपणाला वजन आहे. दुसऱ्यात रीव्हज गॅब्रल्सची 'वाह-वाह' पेडलवरची, म्हणजे पायाने दाबून आवाजाला हेल देणारी, गिटार इतकी पुढे घुसते, की गाणे कोणत्या अल्बमसाठी लिहिले होते असा प्रश्न पडतो. इंग्लिश गायक डेव्हिड बोवीबरोबर वर्षानुवर्षे काम केलेला हा गिटारवादक असामान्य आहेच, पण त्याच्या स्वभावात विस्फोट आहे आणि या गाण्यांना हवी आहे ती धग. 'ऑल आय एव्हर अ‍ॅम' चालीला उत्तम, मात्र तिथे शब्द दमलेले वाटतात. एकूणच हरवलेले, गेलेले, उरलेले अशा शब्दांची अल्बमभर इतकी उलटापालट होते, की एखाद्या काटेकोर संपादकाने दोन-चार ठिकाणी लाल शाई वापरायला हवी होती.

मोठी तक्रार ध्वनीच्या मांडणीची आहे. सगळी वाद्ये एकाच उंचीवर आणून, दाबून बसवल्यासारखी वाटतात. ड्रम, कीबोर्ड आणि गिटार यांच्यामध्ये श्वास घ्यायला जागा नाही. हेडफोनवर 'अलोन'च्या पूर्वार्धात कान गुदमरतो. 'डिसइंटिग्रेशन'मधले थर याहून कमी नव्हते, पण ते एकामागे एक दूरवर पसरलेले ऐकू येत. घरात मोठे स्पीकर असतील, तर त्यांच्यापासून थोडे लांब बसून ऐकल्यास फरक पडतो, हे मी अनुभवाने सांगतो. आणि गाणी क्रमानेच ऐकावीत. यादीतून सुटी उचलून, कामावर जाता-येता ऐकण्याजोगा हा अल्बम नाही. लोकलच्या गर्दीत मी तो प्रयत्न करून पाहिला, आणि दादर येईपर्यंत पहिल्या गाण्याचा गायकसुद्धा उगवला नव्हता.

क्रमाचा आग्रह धरण्याचे खरे कारण शेवटच्या गाण्यात आहे. 'एंडसाँग' दहा मिनिटांहून मोठे आहे आणि त्यात शब्द सुरू होतात ते सहा मिनिटांनंतर. इथे मात्र मला गॅब्रल्सच्या गिटारविषयी एक अक्षरही तक्रार नाही. ड्रमचा एकच ठेका लष्करी संचलनासारखा चालत राहतो आणि त्याच्यावर ती गिटार जखमी जनावरासारखी ओरडते. मग अंधारात बाहेर उभा राहून लालभडक चंद्राकडे पाहणारा म्हातारा माणूस दिसतो. १९६९ साली माणूस चंद्रावर उतरला तेव्हा स्मिथ दहा वर्षांचा होता. त्या मुलाचे आणि त्याने उभारलेल्या जगाचे काय झाले, एवढेच तो विचारतो. पहिल्या गाण्यातला 'प्रत्येक गाण्याचा शेवट' इथे परत येतो आणि 'काहीच नाही' या अर्थाच्या एका शब्दावर अल्बम संपतो. हा शेवट शब्दांवर वाचला तर निव्वळ नैराश्य वाटेल. तिथवर जवळजवळ ५० मिनिटे चालत आल्यावर तो तसा वाटत नाही. सगळे सांगून झालेल्या माणसाचे गप्प होणे वाटते.

ब्रिटनमध्ये हा अल्बम विक्रीच्या यादीत थेट पहिल्या क्रमांकावर गेला. 'द क्युअर'च्या वाट्याला हे भाग्य यापूर्वी १९९२मध्ये, 'विश'च्या वेळी आले होते. प्रकाशनाच्याच रात्री लंडनच्या ट्रॉक्सी सभागृहात त्यांनी अख्खा अल्बम क्रमाने वाजवला आणि ती मैफील यूट्यूबवर थेट दाखवली. आपल्याकडे मध्यरात्र केव्हाच उलटली होती, फटाकेही थंडावले होते. 'एंडसाँग'ने पहिला भाग संपला, पण मैफील संपली नव्हती. एकूण ३१ गाणी झाली, आणि अगदी अखेरच्या टप्प्यात, एवढे सगळे मरण गाऊन झाल्यावर, स्मिथने 'फ्रायडे आय एम इन लव्ह' काढले. लंडनमध्ये तेव्हा शुक्रवारच होता.