आरटीएसएस: एफपीएस वाढवत नाही, तरी सगळ्यात आधी हेच टाका

रिवाट्यूनर स्टॅटिस्टिक्स सर्व्हर, म्हणजे आरटीएसएस, या फुकट मिळणाऱ्या सॉफ्टवेअरने गेमचा एकही एफपीएस (दर सेकंदाला दिसणाऱ्या चित्रांची, म्हणजे फ्रेमची, संख्या) वाढत नाही. उलट ते एफपीएसला लगाम घालतं. तरीही गेम हिसके देत असेल तर नवीन ग्राफिक्स कार्डाच्या नादाला लागण्याआधी हेच टाकावं, कारण दुखणं नेमकं कुठे आहे ते दाखवणारं याच्याइतकं सरळ साधन दुसरं नाही.

कोपऱ्यातला एफपीएसचा आकडा फसवा असतो. एका सेकंदात ५० फ्रेम १६-१६ मिलिसेकंदांत आल्या आणि एकच फ्रेम २०० मिलिसेकंद अडकली, तरी आकडा ५१ दाखवणार. डोळ्याला जाणवतो तो मात्र तो एक गचका. म्हणून बघायचा तो फ्रेमटाइमचा, म्हणजे प्रत्येक फ्रेमला लागलेल्या वेळेचा, आलेख. आरटीएसएस हे ग्राफिक्स कार्डावर नजर ठेवणाऱ्या एमएसआय आफ्टरबर्नर या सॉफ्टवेअरसोबतच येतं. आफ्टरबर्नर टाकताना आरटीएसएसची खूण राहू द्यायची. डाउनलोड फक्त एमएसआय किंवा गुरू३डीच्या साइटवरून. २०२१ मध्ये आफ्टरबर्नरच्या नावाने व्हायरस वाटणाऱ्या बनावट साइटबद्दल खुद्द एमएसआयलाच इशारा द्यावा लागला होता.

आफ्टरबर्नरच्या सेटिंगमध्ये मॉनिटरिंग टॅब उघडा. फ्रेमटाइमवर खूण करा, खाली ‘शो इन ऑन-स्क्रीन डिस्प्ले’ लावा आणि शेजारच्या यादीत टेक्स्टऐवजी ग्राफ निवडा. सोबत जीपीयू (ग्राफिक्स चिप) वापर, व्हीरॅम (ग्राफिक्स कार्डाची स्वतःची मेमरी), रॅम आणि सीपीयूचा क्लॉक (वेग) एवढंच पुरे. बाकीच्या पन्नास खुणा करू नका. पोलिंग पिरियड (आकडे किती वेळाने वाचायचे) १००० मिलिसेकंदच राहू द्या. काही कार्डांवर जीपीयू पॉवर सतत वाचत राहिल्यानेच बारीक हिसके बसतात, म्हणजे रोग शोधायला आणलेलं यंत्रच रोग लावतं.

आता आलेख वाचायचा. ६० एफपीएसला एक फ्रेम १६.७ मिलिसेकंदांची, १४४ ला ६.९. नवीन शत्रू किंवा नवीन स्फोट पहिल्यांदा दिसताच उंच सुळका आला आणि दुसऱ्यांदा तिथेच आला नाही, तर ते शेडर, म्हणजे दृश्य रंगवणारे छोटे प्रोग्रॅम, तिथल्या तिथे कंपाइल होणं. डीएक्स१२ (विंडोजची ग्राफिक्स प्रणाली) वरच्या अनरिअल इंजिनच्या बऱ्याच गेमांना हा शाप आहे. एनव्हिडिया कंट्रोल पॅनलमध्ये शेडर कॅशे (तयार शेडर साठवण्याची जागा) साइज १० जीबी करा आणि मेन्यूत शेडर तयार होत असताना ‘पुढे चला’ दाबू नका. ड्रायव्हर अपडेट केला की ही कॅशे बहुधा पुन्हा शून्यापासून बनते, त्यामुळे अपडेटनंतरचा पहिला तास बघून निष्कर्ष काढू नये. सुळका दर वेळी त्याच दाराशी, त्याच पुलावर येत असेल तर गेम पुढचा भाग लोड करतोय. गेम एसएसडीवर हलवून फरक पडला तर पडला; नाहीतर तो बनवणाऱ्यांचा दोष, आणि त्यावर आरटीएसएसकडे काहीही औषध नाही.

४ जीबीच्या कार्डावर व्हीरॅम काठोकाठ भरून सुळके येत असतील तर फक्त टेक्श्चर एक पायरी खाली आणा. सावल्या, गवत कमी करून तिथे फारसं हाती लागत नाही. जीपीयू ६० टक्क्यांवर आणि तरी आलेख काटेरी असेल तर संशय सीपीयू आणि रॅमवर. आपल्याकडे बजेट लॅपटॉप सर्रास ८ जीबीच्या एकाच स्टिकवर विकले जातात. दुसरी स्टिक लावून ड्युअल चॅनल (दोन्ही स्टिक एकाच वेळी वापरणं) केलं की सर्वात मोठा फरक इथेच दिसतो. डेस्कटॉपवर बायॉसमध्ये (मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये) एक्सएमपी, म्हणजे रॅम तिच्या पूर्ण वेगाने चालवणारी सेटिंग, बंद असेल तर ३२०० ची डीडीआर४ रॅम २१३३ किंवा २४०० वरच रांगत असते. जुन्या बायॉसवरच्या एएमडी रायझन मशिनवर मधूनच सगळी सिस्टिम, आवाजासकट, क्षणभर थबकत असेल तर तो एफटीपीएमचा (प्रोसेसरमधल्या सुरक्षा-प्रणालीचा) दोष. एएमडीने २०२२ मध्ये तो मान्य केला आणि बायॉस अपडेटने सुधारला.

एवढं झालं की मग लिमिटर, म्हणजे एफपीएसला लगाम घालणारी सोय. आरटीएसएसमध्ये ‘ॲड’ दाबून गेमची ईएक्सई निवडा, म्हणजे लिमिट त्या एकाच गेमला लागेल. किती लावायचं? जीपीयू ९९ टक्क्यांवर जाणार नाही आणि मशिन एरवी सहज गाठतं, असा आकडा. साध्या ६० हर्ट्झच्या (सेकंदाला ६० वेळा रिफ्रेश होणाऱ्या) मॉनिटरवर ४० लावलं तर एक फ्रेम एक रिफ्रेश, पुढची दोन रिफ्रेश अशी लंगडी चाल होते. तिथे ६० किंवा सरळ ३०. १२० हर्ट्झवर मात्र ४० बरोबर तीन रिफ्रेशमध्ये बसतं, आणि कमजोर कार्डासाठी तो ३० पेक्षा कितीतरी चांगला तोडगा आहे. जी-सिंक किंवा फ्रीसिंक (मॉनिटरचा रिफ्रेश गेमच्या एफपीएसशी जुळवणारी सोय) असेल तर रिफ्रेशपेक्षा ३ खाली, म्हणजे १४४ ला १४१. जी-सिंकसोबत व्ही-सिंक (फ्रेम रिफ्रेशच्या क्षणीच दाखवणारी सेटिंग) ड्रायव्हरमधून चालू आणि गेममध्ये बंद. ‘फ्रेमरेट लिमिट’ या शब्दांवरच क्लिक केलं की मर्यादा मायक्रोसेकंदांत देता येते, हे इंटरफेस बघून कुणाच्याही लक्षात येणार नाही. मांडणीच्या बाबतीत हे सॉफ्टवेअर जुनाटच आहे.

गेममधल्या लिमिटरपेक्षा याची रेषा बहुधा जास्त सपाट येते, पण माउसचा प्रतिसाद किंचित उशिरा. म्हणून निशाणेबाजीच्या स्पर्धात्मक गेमांत गेमचाच लिमिटर किंवा एनव्हिडियाचं रिफ्लेक्स (प्रतिसाद जलद करणारी सोय) वापरा, आणि गोष्टीच्या, गाड्यांच्या गेमांना हे. एका वेळी एकच लिमिटर: गेममध्ये ६०, ड्रायव्हरमध्ये ६० आणि इथेही ६० असं तिहेरी कुलूप घातलं की तिघं एकमेकांची वाट बघतात आणि आलेख करवतीसारखा होतो. काही अँटी-चीट प्रणाली असे ओव्हरले (गेमवर आकडे दाखवणारे थर) अडवतात. आकडे दिसलेच नाहीत तर त्या गेमसाठी ‘ॲप्लिकेशन डिटेक्शन लेव्हल’ ‘नन’ (None) करून मोकळे व्हा, वाकडी वाट शोधू नका. आणि बेंचमार्क काढण्याआधी लिमिट ० (म्हणजे बंद) करा.