डब्ल्यूडी-४०: गंजलेल्या कड्यांना उत्तम, पण शिलाई मशीनच्या तेलाच्या जागी नको

ऐरोलीत खाडीच्या अंगाला राहणाऱ्यांना गंजाचं वेगळं सांगायला नको. पावसाळा सरता सरता ग्रिलची बिजागरी कुरकुरायला लागते, बाल्कनीच्या दाराची कडी हलत नाही, अँगल कॉकचा नट जागचा सुटत नाही. मी घरीच ब्लाउज-ड्रेस शिवते, त्यामुळे डब्ल्यूडी-४० या गंज सोडवणाऱ्या स्प्रेचा निळा-पिवळा डबा माझ्या कपाटात कायम असतो. कपडे द्यायला येणाऱ्या बायका तो बघून हमखास विचारतात, "ताई, मशीनला हेच मारता का?" त्याचं उत्तर जरा सविस्तर द्यायला हवं.

आधी चांगलं सांगते. कडी, बिजागरी, नट-बोल्ट यांसाठी हा स्प्रे खरोखर कामाचा आहे. फक्त मारला आणि लगेच पाना लावला, असं करू नका. पातळ असल्यामुळे तो आट्यांच्या फटीत आपोआप ओढला जातो, पण त्याला वेळ द्यावा लागतो. संध्याकाळी मारायचा, पान्याच्या मागच्या बाजूने नटावर हलकं ठोकायचं, रात्रभर तसंच ठेवायचं, सकाळी परत एकदा मारून मग सोडवायचं. नट आधी किंचित घट्ट करून मग उलटा फिरवला तर बऱ्याचदा गंजाची पकड सुटते.

आता मशीन. आमच्या मजल्यावरच्या काकूंची जुनी काळी पायमशीन कित्येक वर्षं कव्हरखाली पडून होती. सुनेला शिकायचं म्हणून काढली, तर चाक हलेना. गंज अगदी थोडा होता, खरी अडचण जुन्या तेलाची होती. वाळून वाळून ते गुळाच्या पाकासारखं घट्ट झालं होतं. अशा वेळी मात्र हा स्प्रे मी बेधडक वापरते.

सगळ्यात आधी चामड्याचा पट्टा काढून बाजूला ठेवला, कारण त्याला तेल लागलं की तो चाकावर घसरतो. बॉबिन भरायच्या चकतीचं रबरही काढलं, रबर तेलाने फुगतं. मग डब्यासोबत येणारी लाल नळी लावून सुईच्या दांडीवर, तेलाच्या भोकांत आणि मशीन आडवी करून शटलच्या, म्हणजे बॉबिन बसते त्या भागाच्या, खोबणीत थोडं थोडं मारलं. चाकाला जोर लावायचा नाही, नुसतं मागे-पुढे हलवत राहायचं. थोड्या वेळाने दांडीवरून तपकिरी ओघळ यायला लागले. पुसलं, परत मारलं, परत पुसलं. शटलच्या खोबणीत धाग्याची लव आणि जुनं तेल मिळून काळा थर बसला होता, तो चिमट्याने उचलल्यावर एकदम सुटून आला. दुसऱ्या दिवशी चाक पूर्ण फिरलं.

इथेच काम संपलं असं समजून बरेच जण मशीन चालवायला घेतात. त्याने मशीनचं नुकसान होतं. या स्प्रेतला मोठा भाग उडून जाणारा द्रव असतो. तो जुनं तेल धुऊन काढतो आणि मागे पातळसा थर ठेवतो. मोटर लावलेली मशीन मिनिटाला शेकडो टाके घालते, तिथे तो थर टिकत नाही. म्हणून सगळं कोरडं पुसून प्रत्येक भोकात शिलाई मशीनचं पांढरं तेल एक-दोन थेंब घालायचं, आणि चिंधीवर डाग पडायचा थांबेपर्यंत मशीन चालवायची. मग कुणाचा ब्लाउज हातात घ्यायचा.

डब्ल्यूडी-४० च्या नावातच त्याचं मूळ काम आहे: डब्ल्यूडी म्हणजे 'वॉटर डिस्प्लेसमेंट', पाणी दूर सारणं. १९५३ मध्ये अमेरिकेत सॅन डिएगोच्या रॉकेट केमिकल कंपनीने पाणी दूर सारून गंज रोखणारं मिश्रण शोधलं, ते चाळिसाव्या प्रयत्नात जमलं. अॅटलस क्षेपणास्त्राच्या पत्र्याला गंज लागू नये म्हणून ते वापरलं गेलं.

जुन्या मशीनवरची सोनेरी नक्षी जपायची असेल तर थिनर, अॅसिटोन, स्पिरिट यांपैकी काहीही तिच्या जवळ नेऊ नका. नक्षी रंगासकट निघते, आणि ती परत येत नाही. पूर्वी आमच्याकडे मशीन धुवायला रॉकेल असायचं आणि ते चांगलं काम करायचं, पण रेशनवर मिळेनासं झाल्यापासून तो विषय संपला.

स्टीलच्या नव्या डब्यांवरची चिकट लेबलं काढायला हा स्प्रे चालतो, तरी मी खोबरेल तेलच लावते. खाण्याच्या भांड्याला उगाच रसायन कशाला?

मारताना खिडकी उघडी हवी, गॅस बंद हवा, देवापुढचा दिवा विझलेला हवा. हा द्रव पेट घेतो. मोटरवर किंवा पायाच्या रेग्युलेटरवर कधीच मारू नका.

शिलाई मशीनच्या तेलाच्या बाटलीपुढे हा डबा महाग पडतो, त्यामुळे घरच्या वापराला लहानच घ्या. हार्डवेअरच्या दुकानात घेताना डब्यासोबत नळी आहे ना ते तिथेच बघा. नळीशिवाय अर्धा स्प्रे हवेत जातो आणि शटलपर्यंत पोचतच नाही.