कॅम्पातल्या मिसकडे पियानो : मोठ्या वयात शिकू पाहणाऱ्यांसाठी

पुण्यात पियानो शिकवणारं कुणी शोधायला गेलं की आधी कीबोर्डचे क्लास सापडतात. अशाच एका क्लासमध्ये मी जाऊन बसले होते. सगळी मुलं हेडफोन लावून आपापल्या कीबोर्डवर, आणि सर एकेकाच्या मागे दोन-दोन मिनिटं उभे. मुलं महिन्याभरात सिनेमाचं गाणं वाजवू लागतात, घरचे खूश होतात. ज्यांना तेवढंच हवंय त्यांनी तिथे जरूर जावं. मला पियानो शिकायचा होता, आणि ६१ हलक्या पट्ट्यांच्या कीबोर्डवर पियानोचा हात तयार होत नाही. पियानोच्या पट्टीला वजन असतं. ती किती वेगाने खाली जाते त्यावर स्वर मोठा की लहान हे ठरतं. बोटांना ते वजन कळलंच नाही, तर पुढे सगळं नव्याने शिकावं लागतं.

शिक्षक शोधताना मला सगळ्यात उपयोग झाला तो पियानो ट्यून करणाऱ्या काकांचा. वाद्यांच्या दुकानातून त्यांचा नंबर मिळाला. मी त्यांना एवढंच विचारलं, की शिकवणाऱ्यांपैकी नेमाने ट्यूनिंग कोण करून घेतं आणि मोठ्या माणसांना कोण शिकवतं? त्यांनी दोन नावं दिली. एक बाई फक्त लहान मुलांना घेतात. दुसऱ्या म्हणजे या मिस. कॅम्पातल्या जुन्या घरात राहतात, सत्तरी ओलांडलेली आहे, आयुष्यभर शिकवत आल्यात. सगळे त्यांना मिसच म्हणतात. नाव-पत्ता मी इथे लिहीत नाही, त्यांना ते आवडणार नाही. पण कॅम्पात ट्यूनरला किंवा चर्चच्या क्वायरमध्ये विचारलंत तर पोचाल.

मी पेटीवाली. लहानपणी शिकले, गांधर्वच्या मध्यमेपर्यंत परीक्षा दिल्या, आणि आमच्या भजनी मंडळात आजही साथ करते. हे आधीच्या क्लासमध्ये सांगितलं तेव्हा ‘ते सगळं विसरा’ असं उत्तर मिळालं होतं. मिसनी पहिल्या भेटीत स्टूल माझ्या उंचीला बसवून दिलं, कोपर पट्ट्यांच्या पातळीला आलंय का पाहिलं आणि म्हणाल्या, “पेटीवर काय येतं ते वाजव.” मी भूप राग वाजवायला घेतला, पांढरी एकपासून, म्हणजे सप्तकातल्या पहिल्या पांढऱ्या पट्टीला सा धरून. त्यांनी माझा हात उचलून काळी तीनवर, म्हणजे तिसऱ्या काळ्या पट्टीवर, ठेवला. पेटीवाल्यांना माहीतच आहे, काळी तीनला सा धरला की भूपाचे पाचही स्वर काळ्या पट्ट्यांवर येतात. डाव्या हाताला त्यांनी खाली फक्त सा आणि प दिले आणि उजवीकडचं पेडल दाबायला सांगितलं. सगळ्या तारा मोकळ्या झाल्या आणि त्या दोन स्वरांवर माझा भूप तानपुऱ्यावर बसावा तसा बसला. मला भरून आलं. मग त्यांनी पाय काढायला लावला. “आता तेवढंच भरीव वाजव.” ते आलं नाही, आणि आमची शिकवणी तिथूनच सुरू झाली.

त्या दिवशी त्यांनी पियानोची समोरची फळी काढून आतलं दाखवलं. पट्टी दाबली की फेल्ट चढवलेला हातोडा तारेवर आदळतो आणि लगेच मागे येतो. त्याच वेळी तारेवरचा डॅम्पर, म्हणजे तिचा आवाज थांबवणारी गादी, उचलला जातो, पट्टी सोडली की तो परत तारेवर बसतो. वरच्या बऱ्याचशा स्वरांना तीन-तीन तारा, अगदी खालच्या खर्जाला एकच जाड तार. सगळ्यात वरच्या पट्ट्यांना डॅम्परच नसतात, कारण तो आवाज आपोआपच पटकन विरतो. पेटीत स्वर धरून भात्याने तो फुलवता येतो. पियानोत हातोडा तारेवर आदळला की तुमच्या हातात उरतं ते फक्त स्वर कधी थांबवायचा, एवढंच. त्यामुळे सगळी तयारी स्वर लागण्याच्या आधीची. पहिले कित्येक आठवडे आम्ही एकेका स्वरावर काढले: पट्टी इतकी सावकाश खाली न्यायची की आवाजच येऊ नये, मग जेमतेम यावा, मग खांद्यापासून हाताचं वजन सोडून तो भरावा. “दाबू नको, वजन सोड,” हे मी झोपेतही ऐकते.

पेटीवाल्यांना पुढचा अडथळा डाव्या हाताचा. तो आयुष्यभर भाता मारत आलेला असतो. मिस डाव्या हाताला आधी एकटं गायला लावतात, म्हणजे खरंच आधी तोंडाने आणि मग बोटांनी. दोन्ही हात एकत्र आणायची घाई त्या करत नाहीत. बोटांना दोन्ही हातांत अंगठ्यापासून १ ते ५ असे आकडे असतात आणि स्वरलिपीवर ते जिथे लिहिलेत तिथे तेच बोट हवं, यात सूट नाही. माझा अंगठा पेटीच्या सवयीने बाहेर लटकायचा, तो आत आला.

वाचनाबद्दल त्या सगळ्यात कडक. आपण कानाने शिकलेली माणसं, दोनदा वाजवलं की पाठ होतं आणि डोळे कागदावरून उठतात. मिस ते बरोब्बर पकडतात: मध्येच थांबवतात, पेन्सिलने कुठलीतरी मधली मात्रा दाखवतात आणि “इथून” म्हणतात. वाचत असाल तरच तिथून वाजवता येतं. खालच्या पाच रेघांचा बास क्लेफ, म्हणजे बहुतेक डाव्या हाताचे खालचे स्वर जिथे लिहितात तो भाग, मला याच युक्तीने वाचता येऊ लागला.

परीक्षांचा त्यांचा आग्रह नाही, पण मुलांच्या पालकांना त्या नीट समजावून सांगतात. आपल्याकडे मुख्यतः ट्रिनिटी कॉलेज लंडन आणि एबीआरएसएम या दोन ब्रिटिश संस्थांच्या परीक्षा चालतात, दोन्ही इनिशियल या पहिल्या पायरीपासून आठव्या ग्रेडपर्यंत. ट्रिनिटीत १०० पैकी ६० ला पास, ७५ ला मेरिट, ८७ ला डिस्टिंक्शन. एबीआरएसएममध्ये सहाव्या ग्रेडच्या प्रॅक्टिकलला बसण्याआधी साधारणपणे पाचव्या ग्रेडची थिअरी पास असावी लागते. ट्रिनिटीत तशी अट नाही. पालकांनी हे सुरुवातीलाच लक्षात घ्यावं. मला परीक्षा नको होत्या. त्या “ठीक आहे” म्हणाल्या, पण अधूनमधून इतर विद्यार्थ्यांसमोर वाजवायची अट घातली. नऊ-दहा वर्षांच्या मुलांच्या मधोमध बसून वाजवताना माझी बोटं थंड पडतात, तरी त्या दुपारी मला फार प्रिय आहेत. मुलं एकमेकांचं किती मन लावून ऐकतात! दस्तूर शाळेतल्या माझदा हॉलमध्ये पियानोची मैफल असली की मिस सगळ्यांना जायला सांगतात, आणि पुढच्या तासाला काय ऐकलं ते विचारतात.

आता खर्चाचं. आठवड्याला एक पाऊण तासाची शिकवणी, महिन्याला ४,००० रुपये. पहिल्या भेटीचे ५०० वेगळे. स्वस्त नाही, पण तो पाऊण तास पूर्ण तुमचा असतो. घरी वाद्य हवंच. मिसनी अकूस्टिक पियानोचा हट्ट धरला नाही. ८८ पट्ट्या, हॅमर ॲक्शन (म्हणजे पट्ट्यांना खऱ्या पियानोसारखं वजन) आणि पेडल असलेला डिजिटल पियानो चालेल म्हणाल्या. यामाहा, कॅसिओ, रोलँड या कंपन्यांचे सुरुवातीचे मॉडेल पाहिलेत तर पन्नास हजारांच्या आसपास तयारी ठेवा. फ्लॅटमध्ये रात्री हेडफोन लावून रियाज करता येतो हा मोठा फायदा. पण घरी डिजिटल आणि मिसकडे खरा पियानो, हा फरक दर आठवड्याला हातांना सोसावा लागतो, आणि मला वाटतं खरा पियानो आठवड्यातून एकदा तरी हाताखाली यायलाच हवा.

उणिवाही सांगते. पावसाळ्यात त्यांच्या पियानोच्या काही पट्ट्या दमटपणाने जड होतात, एखादी खाली गेली की उठत नाही. ओल सुकावी म्हणून आत बारीक बल्ब लावून ठेवतात, तरी ऑगस्टमध्ये त्रास होतोच. पाऊस संपला की ट्यूनर येतो आणि सगळं पुन्हा खुलतं. डिसेंबरात क्वायरच्या तालमींमुळे तास पुढे-मागे होतात. त्याच दिवशी सुट्टी कळवलीत तर तो तास गेला. ऑनलाइन अजिबात शिकवत नाहीत, आणि सिनेमाची गाणी पहिलं वर्षभर तरी नाहीत. मराठी छान बोलतात, शिकवताना मात्र इंग्रजी-हिंदी सगळं मिसळतं. गाडी लावायला जागा नाही, रिक्षाने जा.

मुलाला चार महिन्यांत स्टेजवर उभं करायचं असेल तर त्यांच्याकडे पाठवू नका, दोघांनाही त्रास होईल. पेटी, तबला, गाणं असं काही आधी शिकलेलं असेल आणि पस्तिशी-चाळिशीनंतर पियानो शिकावासा वाटत असेल, तर माझ्या माहितीत पुण्यात यांच्याइतकं योग्य कुणी नाही. नवे विद्यार्थी त्या बहुतेक जूनमध्ये घेतात. दुपारी दोन ते चार या वेळात मुलं शाळेत असतात, म्हणून मोठ्यांना जागा मिळण्याची शक्यता तेव्हाच जास्त. फोन सकाळी अकरानंतर करा.