किकॅडचे कॉपर झोन : पंप-स्टार्टरच्या बोर्डावर कसे चालतात?

कुपवाड एमआयडीसीत शेतीपंपाच्या ऑटो-स्टार्टरचा दोन लेयरचा (दोन्ही बाजूंना तांब्याचा थर असलेला) सर्किट बोर्ड काढायचा असेल, तर किकॅड हे बोर्ड आखायचे सॉफ्टवेअर घ्यावे; फुकट आहे म्हणून नव्हे, चांगले आहे म्हणून. खटकते ते एकच. झोन, म्हणजे तांब्याने भरायचे पट्टे, एकमेकांवर चढले की चूक दाखवते, उपाय सांगत नाही.

डीआरसीत, म्हणजे आराखड्यातल्या चुका शोधणाऱ्या तपासणीत, 'कॉपर झोन्स इंटरसेक्ट' आले की बरेच जण कडा ओढून मागे घेत बसतात. त्याची गरज नसते. झोन निवडून ई दाबा आणि 'झोन प्रायॉरिटी लेव्हल' बघा. एकाच लेयरवर दोन वेगळ्या नेटचे (नेट म्हणजे एकमेकांना जोडलेल्या टोकांचा गट, उदा. ग्राउंड किंवा 12 व्होल्ट) झोन आणि दोघांचा आकडा सारखा, म्हणजे जागा कोणाची हे ठरलेलेच नाही. मोठ्या आकड्याचा झोन जागा धरतो, लहान आकड्याचा मागे सरतो. बोर्डभर पसरलेल्या ग्राउंडला 0, रिलेच्या 12 व्होल्टला 1, त्याच्या पोटातल्या 5 व्होल्टला 2 द्या आणि बी दाबून सगळे पुन्हा भरा. मधली फट दोघांतल्या मोठ्या क्लिअरन्सची (झोनभोवती सोडायच्या अंतराची) पडते, ग्राउंडला 0.2 मिमी देऊन 12 व्होल्टला 0.5 ठेवले, तर 0.5च मिळणार.

दोन्ही झोन ग्राउंडचेच असतील तर दोन्ही निवडून 'मर्ज झोन्स' करा. नेट, लेयर आणि प्रायॉरिटी, तिन्ही सारखे असल्याशिवाय ते एक होत नाहीत, आणि इथेच माणूस अडकतो. कॉपी-पेस्टने एकावर एक बसलेला झोन डोळ्याला दिसत नाही. तिथे क्लिक दाबून धरा, खालच्या वस्तूंची यादी येते. नेट न दिलेला झोनही असाच लपतो. आवृत्ती 8 पासून झोन मॅनेजरमध्ये सगळे एका ठिकाणी दिसतात, तेवढ्यासाठी तरी जुनी आवृत्ती सोडावी.

415 व्होल्टच्या बाजूला मात्र प्रायॉरिटीवर विसंबू नका. तिथे दोन्ही लेयरवर रूल एरिया (काय चालेल, काय नाही हे ठरवणारी चौकट) काढून कॉपर फिल बंद करा. लो-व्होल्टेजपासून 8 मिमी मोकळे. यामुळे ग्राउंड तुटून बेट उरले आणि त्यावर ग्राउंडचे पॅड (भाग डकवायची जागा) नसेल, तर ते काढून टाकले जाते; पॅड असेल तर बेट राहते, पण बाकी ग्राउंडपासून तुटलेले म्हणून रॅट्सनेस्टमध्ये, म्हणजे न जोडलेल्या टोकांच्या रेघांत, लोंबकळते. व्हाया (दोन लेयर जोडणारे तांब्याचे छिद्र) टाकून ते पलीकडच्या लेयरशी जोडा.

गर्बर (बोर्ड बनवणाऱ्याला द्यायच्या फाइल) काढताना 'चेक झोन फिल्स बिफोर प्लॉटिंग'वर टिक केलेली हवी. नाहीतर आकडे नवे आणि तांबे जुनेच छापले जाते.