'नॅनो' वनौषधी जेल: चिखल्यांपुरते ठीक, नायट्यासाठी नको

पावसाळ्यात पायांच्या बोटांमध्ये होणाऱ्या चिखल्यांवर टी ट्री तेल आणि हळदीतील कर्क्युमिन 'नॅनो' स्वरूपात देणारे एक आयुर्वेदिक जेल औषधाच्या दुकानात मिळाले. साध्या क्लोट्रिमॅझोल या बुरशीनाशक मलमाच्या कित्येक पट किंमत असूनही ते घेतले, कारण त्यामागचा विचार पटण्यासारखा आहे. कर्क्युमिन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, तर टी ट्री तेल त्वचेवरून लवकर उडून जाते. अतिसूक्ष्म थेंबांत बांधल्यास ही द्रव्ये, बुरशी जिथे केराटिन या त्वचेतील प्रथिनावर जगते त्या त्वचेच्या वरच्या थरात साठून हळूहळू सुटतील, अशी कल्पना आहे. औषध वाहून नेणारे माध्यम बदलल्याने किती फरक पडतो हे 2021 मध्ये म्युकरमायकोसिसच्या (काळ्या बुरशीच्या) रुग्णांसाठी धावाधाव करणाऱ्या घरांना ठाऊक आहे: लिपोसोममध्ये, म्हणजे स्निग्ध पदार्थाच्या अतिसूक्ष्म पिशव्यांत, भरलेले अँफोटेरिसिन बी हे बुरशीनाशक साध्या रूपापेक्षा मूत्रपिंडांना बरेच कमी अपाय करते. अर्थात ते औषध वनस्पतिजन्य नाही आणि त्याच्या पाठीशी रुग्णांवरील चाचण्या आहेत.

जेल हाताळताना सुखद वाटते. तेलाचे मलम एरवी पांढरे दिसते. हे मात्र काचेवर पातळ पसरून उजेडासमोर धरले तर जवळजवळ पारदर्शक दिसते, त्यावरून थेंब खरोखरच बारीक असावेत. बोटांच्या बेचक्यात ते चिकचिकत नाही आणि खाज लवकर शमते. मोज्यांना पिवळे डाग पडतात, ते धुऊनही पुरते जात नाहीत. पाय कोरडे ठेवण्याची काळजीही सोबत घेतल्यामुळे सगळे श्रेय जेलला देता येणार नाही.

तक्रार आहे ती माहितीबद्दल. केंद्राच्या जैवतंत्रज्ञान विभागाने 2019 मध्ये नॅनो औषधांच्या मूल्यमापनासाठी मार्गदर्शक तत्त्वे काढली आणि त्यांत कणांच्या आकाराला मध्यवर्ती स्थान आहे. या वेष्टनावर तो आकार कुठेच नाही. टी ट्री तेल 5 टक्के आहे. पायांच्या बुरशीवरील जुन्या चाचण्यांत 10 टक्क्यांच्या मलमाने त्रास कमी झाला, पण बुरशी नाहीशी करण्यात ते औषधविरहित मलमापेक्षा सरस ठरले नाही; 25 आणि 50 टक्क्यांच्या द्रावणांचे निकाल पुष्कळ चांगले होते. नॅनो रूपामुळे 5 टक्केही पुरतात असे म्हणायचे असेल, तर कंपनीने तशी चाचणी दाखवायला हवी. शिवाय हवा आणि उजेड लागून हे तेल बिघडते आणि बिघडलेल्या तेलाची ॲलर्जी येऊ शकते, तरीही बाटली पारदर्शक प्लॅस्टिकची आहे!

सर्वांत खटकले ते वेष्टनावर चिखल्यांच्या जोडीला छापलेले 'नायटा, गजकर्ण' हे शब्द. भारतात सध्या ट्रायकोफायटन इंडोटिनी या बुरशीचा नायटा बोकाळला असून तो अनेकदा टर्बिनाफिन या नेहमीच्या बुरशीनाशक औषधालाही दाद देत नाही. स्टेरॉइड मिसळलेली मलमे मनाने लावल्याने तो अधिकच चिघळतो. जांघेत किंवा कमरेवर पसरलेला नायटा त्वचारोगतज्ज्ञांना दाखवावा, या जेलवर विसंबून आठवडे दवडू नयेत.